मुलगा जर्मनीला, अजगर आईकडे

'माझा मुलगा येत्या सप्टेंबरात एम.एस.साठी जर्मनीला जातोय. पाच वर्षांपूर्वी त्याने आम्हाला न विचारता एक बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, घरी आणला. नाव ठेवलंय मोदक. आता म्हणतो, "आई, तूच सांभाळ, त्याचा काही त्रास नसतो." मी बँकेतून निवृत्त झालेय. घरात आता आम्ही दोघं आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. घर पूर्ण शाकाहारी. मोदकला खायला उंदीर मुलगाच आणायचा, तोच द्यायचा. मी तेवढा वेळ देवळात जाऊन बसायचे. जूनमध्ये त्याची खोली आवरायला काढली, तेव्हापासून मोदकची पेटी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. सात आठवडे झाले, त्याने काही खाल्लेलं नाही. दूध, अंडं, पनीर असं काही चालेल का? नाहीच जमलं तर वेताळ टेकडीवर सोडावा, की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन द्यावा? परवान्याचं विचारलं तर मुलगा "कागद आहे" म्हणतो. सासूबाई नागपंचमीला मोदकवर हळदकुंकू वाहतात. मला त्याची भीती वाटत नाही, पण प्रेमही वाटत नाही. चालेल का तसं?'
– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथेच तुमचा जीव अडकलाय असं वाटलं. प्रेम नसलं तरी चालतं. मोदकला तुमच्या मायेची गरज नाही. तो हातावर शांत बसतो, कारण हात उबदार असतो आणि पाच वर्षांत हातापासून धोका नाही हे त्याच्या अंगवळणी पडलंय. तुम्ही त्याला महिनाभर उचललं नाही तर तो रुसणार नाही. त्याला हवी असते नीट राखलेली पेटी. तुमच्या पत्रात दिवससुद्धा मोजलेले आहेत. 'काही त्रास नसतो' म्हणणाऱ्या चिरंजीवांपेक्षा तुम्हालाच हे काम चांगलं जमेल, असा माझा अंदाज आहे.

आता सात आठवड्यांच्या उपासाचं. याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. जूनमध्ये पेटी हॉलमध्ये आली आणि जूनपासून खाणं बंद. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ भागात तो उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या जुन्या वारुळांत दिवस काढतो आणि अंधारात बाहेर पडतो. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो, तुमच्या मुलाला मोदक सुचला तो त्यावरूनच असणार. अशा प्राण्याला टीव्हीचा उजेड, येण्याजाण्याची धडधड, सोफा सरकवला की जमिनीतून येणारा हादरा, हे सगळं एकदम मिळालं. त्याने तोंड मिटून घेतलं यात नवल नाही. आजच पेटी मागच्या, शांत खोलीत हलवा. काचेला तीन बाजूंनी साधा खाकी कागद लावा. पुढचे आठ-दहा दिवस पाणी बदलण्यापलीकडे झाकण उघडू नका. मग खाऊ घालून बघा.

एरवीही हे अजगर उपासात पटाईत असतात. मोठा, धट्टाकट्टा बॉल पायथन दोन-चार महिने न खाता राहू शकतो; थंडीत तर बरेचसे राहतातच. म्हणून त्याच्या उपासाचे दिवस मोजण्यापेक्षा त्याचं वजन मोजा. ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा आणा, पण कणकेचा वापरू नका, त्याच्यासाठी वेगळा घ्या. झाकणाच्या डब्यात त्याला ठेवायचं, डब्याचं वजन वजा करायचं आणि आकडा तारखेसह वहीत लिहायचा. आज १४५० ग्रॅम भरला असं धरू. पुढच्या काही आठवड्यांत तो तेराशेच्या खाली आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर डॉक्टर गाठायचा. पाठीचा कणा वर दिसायला लागला किंवा कातडीच्या सैल घड्या पडल्या, तर काट्याची वाटही बघू नका.

दूध, अंडं, पनीर यातलं काहीच चालणार नाही. दूध सापाला पचत नाही. नागपंचमीच्या आधी गारुडी नागांना दिवसच्या दिवस पाण्यावाचून ठेवत आणि मग ते तहानेपोटी पुढ्यात येईल ते पीत, एवढाच त्या दूध पिण्याचा चमत्कार. अंडी खाणारे साप जगात आहेत, आपल्या विदर्भातही एक आहे, पण मोदक त्या कुळातला नाही. चिकनचे तुकडेही नकोत. सापाला अख्खा प्राणी लागतो, कारण हाडांतला चुना आणि काळजातली जीवनसत्त्वं त्याला तिथूनच मिळतात. तेव्हा मोदक घरात राहणार असेल तर उंदीर घरात येणार. यातून पळवाट नाही, आणि तुम्हाला हे मनापासून सोसणार नसेल तर तसं मुलाला आजच स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे. पाच वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं नाही. आता तरी त्याने ऐकून घ्यावं.

सोसणार असेल तर निदान सोपा रस्ता धरा. जिवंत उंदीर अजिबात नको. तो उंदरासाठी हाल आणि सापासाठी धोका आहे. भूक नसलेल्या सापाशेजारी उंदीर रात्रभर राहिला तर उंदीरच सापाला कुरतडतो, पाठीवरचं मांस दिसेपर्यंत. घरात किंवा गटारापाशी पकडलेला उंदीरही नको. त्याने औषध खाल्लेलं असू शकतं आणि ते विष सापाच्या पोटात उतरतं. खास पैदास केलेले, गोठवलेले उंदीर मिळतात. मुलगा कुठून आणतो तो पत्ता आणि दर लिहून घ्या. साठवायला एक छोटा वेगळा डीप फ्रीजर घ्या. आमरसाच्या डब्यांशेजारी ती पिशवी तुम्हाला बघवणार नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही ती तिथे नकोच.

कृती अशी. आदल्या रात्री बंद पिशवीतला एक उंदीर त्याच छोट्या फ्रीजरमधून काढून त्याच्यासाठीच राखलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तेवढ्या रात्रीपुरता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचा. संध्याकाळी ती पिशवी तशीच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवायची, अंग आपल्या शरीराइतकं कोमट होईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर तो फुटतो आणि मग ओटा धुताना तुम्ही मला शिव्या द्याल. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते, टॉर्च धरून बघा, दिसेल. त्या खळग्यांनी त्याला ऊब जाणवते. अंधारात उंदीर त्याला दिसतो तो त्या उबेमुळे, म्हणून थंडगार उंदराकडे तो ढुंकूनही बघत नाही. खोलीतला दिवा मंद करा, लांब चिमट्याने उंदीर शेपटीकडून धरा आणि डोकं पुढे करून हलकेच हलवा. झडप अचानक येते. पहिल्यांदा तुमच्या हातून चिमटा सुटेल, सुटू दे. त्याने विळखा घातला की झाकण लावून तुम्ही देवळात जा. दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर गिळलेलं ओकून टाकतो. उंदीर केवढा असावा? मोदकच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतका. पाच वर्षांच्या अजगराला दोन-तीन आठवड्यांतून एक पुरतो. म्हणजे महिन्यातून एक-दोन संध्याकाळी. मांजर पाळणाऱ्यांना इतकी सुटका नसते.

खरं लक्ष द्यावं लागतं ते उबेकडे. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पेटीचा एक कोपरा गरम आणि दुसरा थंड ठेवला की तो हवी तशी जागा निवडतो. गरम बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५ ते २७. दोन्हीकडे लपायला एकेक अंधारी, अंगाला घट्ट बसेल अशी बिळासारखी जागा हवी. पोरांना काचेत निळे दिवे आणि मोकळी जागा आवडते, सापाला दडपण येतं. मुलाने पेटीखाली गरम होणारी चटई लावली असेल. तिला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला चटई आपोआप बंद करणारं यंत्र) आहे का ते तुम्ही स्वतः, हाताने वायर धरून तपासा. नसेल तर तो जायच्या आत बसवून घ्या, हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे. पोट भाजत असताना साप उठून बाजूला होईलच असं नाही. पोटाखालचे खवले तपकिरी होऊन सोलेपर्यंत घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक काढून टाका आणि वायरीच्या टोकाला छोटा सेन्सर असलेला डिजिटल घ्या. तो सेन्सर साप जिथे पोट टेकतो तिथे हवा.

पुण्यात वर्षातून दोनदा हा हिशोब उलटतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा वीज जास्त वेळ गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवून ठेवा. एप्रिल-मे त्याहून वाईट. खोलीतच ३७-३८ अंश झाले की चटई दुपारभर बंद, पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत फरशीवर, आणि झाकणाच्या अर्ध्या भागावर ओला पंचा. थंडीत साप काही काळ कण्हत काढेल, पण उन्हाळ्यात बंद काचेतल्या गरमीत एका दुपारीत मरू शकतो. त्या दिवसांत लग्नाला गावाला जाताना मोदकला विसरू नका.

हवेतला ओलावा पावसाळ्यात आपोआप मिळतो, उलट तेव्हा पेटीतलं भुस्काट बुरसतं, ते बदलत राहायचं. हिवाळ्यात हवा कोरडी होते आणि कात अडकते. कात टाकायच्या आधी डोळे दुधी-निळसर होतात, रंग फिका पडतो, तो चिडचिडा होतो. त्या दिवसांत खाऊ घालू नका, उचलू नका. ओलसर शेवाळ भरलेला, एक भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा आत ठेवा. कात तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड निघायला हवी. निघाली की फेकायच्या आधी डोक्याकडचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टिकल्या दिसल्या तर काम झालं. त्या नसतील तर जुनी पापुद्री डोळ्यावरच राहिली आहे. नखाने, चिमट्याने काढायला जाऊ नका, डोळा जाईल. ओलावा वाढवा आणि पुढच्या कातीबरोबर निघते का बघा. तेव्हाही नाही निघाली तर डॉक्टर.

त्या डॉक्टरचं नाव आत्ताच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप बघत नाही. मुलगा असतानाच एकदा मोदकला दाखवून आणा, म्हणजे त्यांच्याकडे नोंद राहील आणि तुमची भीड चेपेल. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं; त्याच दिवशी जायचं. दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहिला आणि पाण्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगत असले तर त्या गोचिडीसारख्या किडी आहेत. त्यावर घरातलं कीटकनाशक मारू नका, साप आधी मरेल.

सासूबाईंचं. साप निरोगी असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या नि ६५ वर्षांवरच्या माणसांच्या घरात सरपटणारे प्राणी शक्यतो ठेवू नयेत असाच आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला आहे. तुमच्या घरात ते व्हायचं ते होऊन बसलंय, तर निदान सासूबाईंनी त्याला किंवा पेटीला हात लावायचा नाही. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, न्हाणीघरात वेगळ्या बादलीत धुवायचं. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने धुवायचे. आधी का, तर हाताला उंदराचा वास असेल तर मोदक त्यालाच खाऊ समजेल. चावला तर विष नसतं, पण दात आत वळलेले असतात. हिसका दिलात तर तुमचीच कातडी फाटेल. थोडा थांबा, तो सोडतो. मग साबण-पाणी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

हळदकुंकू मात्र थांबवा. ती पूड ओठावरच्या खळग्यांत, नाकपुड्यांत आणि खवल्यांमध्ये बसते. सासूबाईंना नागपंचमीचा भाव सोडायला सांगू नका, काचेबाहेर पाट मांडा, रांगोळी काढा, नमस्कार तिथूनच. पाटावर नाग काढून पूजा करणाऱ्या घरांना हे मुळीच नवीन नाही.

टेकडीवर सोडायचा विचार डोक्यातून काढून टाका. मोदकने आयुष्यात शिकार केलेली नाही. आठवड्याभरात घार किंवा कुत्री त्याला संपवतील, नाहीतर तो कुणाच्या तरी पार्किंगमध्ये निघेल आणि त्याचे सोनेरी-तपकिरी ठिपके बघून लोक घोणस म्हणून ठेचतील. आणि समजा जगला, तर त्याच्या अंगातले परजीवी आपल्या धामणींना नि दिवडांना लागतील. अमेरिकेत फ्लोरिडातल्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले बर्मी अजगर आज हजारोंनी आहेत. त्यांच्याबरोबर आलेला आशियातला फुप्फुसाचा परजीवी तिथल्या मूळच्या सापांना मारतो आहे. कात्रजचं म्हणाल, तर प्राणिसंग्रहालय हे दारात प्राणी ठेवून निघून यायचं ठिकाण नाही. त्यांचे नियम, परवानग्या असतात. आधी फोन करून विचारा, 'नाही' हे उत्तर येण्याची तयारी ठेवा.

उलटंही एक सांगते, कारण तुम्ही टेकडीजवळ राहता. कधी घरात किंवा जिन्यात ठिपक्यांचा जाड साप दिसला तर 'अरे, मोदक सुटला' म्हणून हात घालू नका. आधी पेटी बघायची. मोदक आत असेल तर बाहेरचा तो घोणस असू शकतो, आणि घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारी माणसं दर पावसाळ्यात दवाखान्यात जातात. लांब उभं राहून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. झाकणाला मात्र खरं कुलूप लावाच. अजगर नाकाने रेटून रेटून झाकण उचकटतात.

आता 'कागद आहे' याबद्दल. कागद आहे म्हणणं आणि कागद बघणं यातला फरक बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला मी काय सांगू! आपल्याकडचे नाग, धामण, मांडूळ, अजगर घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. बॉल पायथन परदेशी, पण वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात (साइट्स) नोंदलेल्या प्राण्यांपैकी. कायद्यात २०२२ मध्ये बदल झाला, तेव्हा असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. आधीपासून पाळणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत होती. मुलाच्या नावाने ती नोंद झाली असेल तर प्रमाणपत्र छापून घ्या, आणि प्राणी दुसऱ्याच्या हाती गेला की तेही कळवावं लागतं, म्हणून मुलगा देशात असतानाच नोंद तुमच्या नावावर करून घ्या. नोंदच झाली नसेल तर गप्प बसू नका. वकिलाला विचारून दोघं मिळून वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात जा. शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तरी हाच कागद लागतो, आणि त्याशिवाय घ्यायला तयार होणाऱ्याला मोदक देऊच नका. जर्मनीला न्यायचा तर दोन्ही देशांच्या परवानग्या लागतात, विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षात ते धरूच नका.

सगळ्यात मोठी गोष्ट मुलाशी बोलायची राहिलीय. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातली एक मादी १९६१ मध्ये तिथे आली आणि २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, तिने अंडी घातली. तुमचा मोदक पाच वर्षांचा आहे. एम.एस. दोन वर्षांचं, पण त्यानंतर तिकडेच नोकरी लागली तर? 'बघू' हे उत्तर घेऊ नका. दोन वर्षांनी तो स्वतः येऊन सोय लावणार, की मोदक कायमचा तुमचा, हे त्याच्याकडून नीट कळू द्या. कायमचा असेल तर तुम्ही 'नाही' म्हणू शकता, आणि तसं म्हटलंत तर तो जायच्या आत नोंदणी असलेलं, अनुभवी घर शोधणं हे त्याचं काम आहे, तुमचं नाही.

ठेवायचं ठरलं तर राहिलेल्या दिवसांत सगळं काम तुम्ही करा आणि त्याने नुसतं बघत उभं राहायचं: वजन, पेटी धुणं, उंदीर गरम करणं, चिमटा धरणं. पहिला उंदीर मोदकने त्याच्यादेखत तुमच्या हातून खाल्ला पाहिजे. आणि उंदरांचे, डॉक्टरचे पैसे कोण देणार तेही विमानात बसायच्या आधी ठरवून घ्या. एकदा तिकडे गेला की खोलीचं भाडं निघतं, विमा निघतो, थंडीचे बूट निघतात, उंदरांचा विषय काही निघत नाही.